मलप्पाच्या तोंडाला वासच येईना

भर दुपारी डाळमिलचा मुकादम मलप्पाला ऑटोतून घरी घेऊन आला, तेव्हा त्याची बायको रत्नम्मा हातातलं काम टाकून दाराशी धावली.

"वहिनी, पोत्यावरच झोपला हा. हलवलं तरी उठंना," मुकादम म्हणाला आणि नजर चुकवून निघून गेला. त्याच्या मनात काय आलं ते रत्नम्माला कळलं.

मलप्पाची दारू सुटून दोन वर्षं झाली होती. कानात आवाज यायचे, तेही गोळ्यांनी थांबले होते. उरली होती ती बिडी. दवाखान्यातल्या मंजुश्री डॉक्टर दर खेपेला म्हणायच्या, "मलप्पा, आता हिचंही बघू." चार वेळा त्यानं सोडतो म्हणून गल्लीभर सांगितलं. चारही वेळा आठवड्याच्या आत धूर निघाला आणि गल्ली पोट धरून हसली. रत्नम्माही हसली.

तिनं वाकून नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा नव्हता. बिडीचाही नव्हता! लग्नाला वीस वर्षं झाली, पण या तोंडाला वासच नाही असं कधी घडलं नव्हतं. ती आणखी घाबरली. बिनवासाची ही कुठली नशा?

तिनं घर धुंडाळलं. ज्वारीच्या कोठीमागे पिशवी सापडली. आत बिडीची अकरा बंडलं, एकही न फोडलेलं.

"हे काय हो? चोरून विकून राहिलाव का?"

"न्हाई गं," मलप्पा जड जिभेनं म्हणाला आणि घोरू लागला.

रत्नम्मानं पिशवी काखोटीला मारली, त्याला कसंबसं उभं केलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी त्याला तपासलं, मग बंडलं पाहिली. "मलप्पा, शेवटची बिडी कधी ओढलीत?"

मलप्पानं बोटांवर दिवस मोजले. "अकरा दिवस झाले, मॅडम."

"मग रोज बंडल कशाला घेतलाव?" रत्नम्मा ओरडली.

"घेतलं नसतं तर टपरीवाल्यानं इचारलं असतं. मग गल्लीला कळलं असतं. पुन्हा जमलं न्हाई तर तुम्ही समदे हसला असता."

रत्नम्मा पदराशी चाळा करत राहिली.

"बिडीच्या धुरानं तुमच्या त्या आवाजांवरच्या गोळीचा असर कमी होतो," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून तुमचा डोस जास्त होता. धूर थांबला आणि तीच गोळी जड झाली. बिडी सोडलीत हे लई चांगलं. पण आधी आम्हाला सांगायचं." त्यांनी गोळी कमी केली आणि तीन दिवसांनी बोलावलं.

परतताना रत्नम्मानं मलप्पाची बिडी सुटल्याचं ऑटोवाल्याला सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी उभ्या बायांना सांगितलं. दिवे लागेस्तोवर शेजारची गंगम्मा आपल्या नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आली. मागे दहा-बारा जण होते. कुणीही हसत नव्हतं.

"मलप्पा, यांना बी जरा सांगा," गंगम्मा म्हणाली. "बिडी कशी सोडलाव?"

मलप्पानं एक डोळा उघडून सगळ्यांकडे पाहिलं.

"कुणाला न सांगता," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपी गेला.