रांगडूचं नाव घेतलं हो!

एका जंगलात, पोरांनो, भोपळाफेकीचं भारी वेड होतं. किती भारी? सामन्याच्या दिवशी वाघसुद्धा उपास धरायचा. खेळाडूच खाल्ला तर खेळणार कोण? हसू नका. आधी खेळ समजून घ्या, नाहीतर मधेच विचाराल आणि मी चिडेन.

मागे एक वानर उभा राहायचा, हातात भोपळा घेऊन. लांबवर हरणं पळायची. वानरानं भोपळा फेकायचा, हरणानं शिंगांत झेलायचा. झालं? नाही झालं. समोरून पलीकडच्या जंगलातली अस्वलं वानराला लोळवायला धावत यायची. म्हणून वानराच्या पुढे दांडगे गडी उभे करायचे. त्यांना म्हणायचे कुंपण. कुंपणानं अस्वलं अडवायची, बस्स. भोपळ्याला शिवायचंसुद्धा नाही.

त्या कुंपणात नवा भरती झाला होता रांगडू. गव्याचं पोर. अंगानं डोंगर, आणि डोक्यानं... जाऊ द्या, लहान होता बिचारा.

खेळ सुरू झाला की रांगडू डोळे मिटायचा, मान खाली घालायचा आणि सुसाट सुटायचा. थेट नदीपर्यंत. अस्वल फक्त बाजूला सरकायचं, त्याला वाट द्यायचं आणि आरामात जाऊन वानराला लोळवायचं.

झाडावर मिठाराम पोपट बसलेला असायचा. सामन्याचं वर्णन करायचं काम त्याच्याकडे. तो सगळ्या रानाला ऐकू जाईल असा ओरडायचा, "पुन्हा रांगडू! काय केलंस रे रांगडू! रांगडूनं अस्वलाला वाट मोकळी करून दिली!"

आता गंमत ऐका. रांगडूची आई म्हातारी होती. डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. ती लांबच्या टेकाडावर बसून नुसतं ऐकायची. खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण लेकाचं नाव कळत होतं.

"आज किती वेळा नाव घेतलं हो तुझं!" रांगडू घरी आला की ती त्याची मान चाटत म्हणायची. "आणि दुसऱ्याला वाट करून देतोस म्हणे. माझं गुणाचं बाळ! शेजारची साळू तर जळून खाक झाली."

शेजारची साळू म्हणजे साळिंदर. तिचा मुलगा कुठल्याच संघात नव्हता.

रांगडूला खरं सांगायची लाज वाटली. तो गवत खात राहिला.

इकडे वानर भडकला होता. सुंदरराव त्याचं नाव. दिसायला देखणा, शेपटी झुबकेदार. जंगलातल्या प्रत्येक वारुळावर त्याचं चित्र. तो संघाच्या गुरुजींकडे गेला. गुरुजी होते मुसंडे रानडुक्कर.

"गुरुजी, त्या जाड्याला हाकला. माझ्या शेपटीचे केस गळायला लागलेत."

"कच्चा आहे," गुरुजी म्हणाले. "पण माल चांगला आहे. मी पिकवतो त्याला."

गुरुजींनी काय केलं माहीत आहे? रांगडूला माळावर नेलं. तिथे गवतात टिटवीची अंडी होती. त्याला अंड्यांकडे पाठ करून उभं केलं आणि समोरून मुंगूस सोडलं.

"मुंगूस अंड्यांपर्यंत पोचता कामा नये. पुढे पळालास तर ते मागून जाईल. मागे सरलास तर अंडी तुझ्याच पायाखाली. डोळे उघडे ठेव, गाढवा!"

"गुरुजी, शब्द जपून," कडेला चरणारं गाढव म्हणालं.

पहिल्या दिवशी रांगडू सवयीनं नदीत जाऊन पडला. टिटवीनं मुंगसाला कसंबसं पिटाळलं आणि मग रांगडूचा कान असा काही फोडला की विचारू नका. पण टिटवी रोज टोचत गेली, गुरुजी रोज कोकलत गेले आणि रांगडू हळूहळू शिकत गेला. बूड खाली, छाती पुढे, पाऊल छोटं. मुंगूस डावीकडे तर हा डावीकडे. मुंगूस उजवीकडे तर हा उजवीकडे. शेवटी अंड्यांतून पिल्लं बाहेर आली आणि रांगडूच्या खुरांमधून पळायला लागली. टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं आणखी एकदा टोचलं, प्रेमानं.

त्यानंतर एकही अस्वल सुंदररावापर्यंत पोचलं नाही. सुंदरराव मागे निवांत उभा राहून आधी शेपटी विंचरायचा, मग भोपळा फेकायचा.

मिठाराम ओरडायचा, "वा सुंदरराव! काय फेक! काय ऐट! वा सुंदरराव!"

आणि रांगडू? रांगडूचं नाव कोण घेणार? कुंपण मोडलं तर लोक कुंपणाकडे बघतात. धड असलं तर त्यावर कपडे वाळत घालतात.

एका संध्याकाळी आईनं हळूच विचारलं, "बाळा, तुला काढून टाकलं का रे?"

"नाही गं आई! उलट मी आता चांगला खेळतो."

"मग नाव का नाही घेत? साळू म्हणते, पोरगं दुसरीकडेच कुठेतरी उंडारतं आणि तुला थापा मारतं." आईनं त्याची मान चाटली. "तसं असलं तरी सांग. मी नाही रागवणार."

 रांगडू रात्रभर तळमळला. पहाटेपर्यंत त्यानं ठरवलं होतं. अंतिम सामन्यात एक अस्वल सोडायचं, फक्त एक. सामना गेला तर गेला, पण आईला नाव ऐकू गेलं पाहिजे.

अंतिम सामना सुरू झाला. समोर उभं होतं झिपरं अस्वल, त्या जंगलातलं सगळ्यात दांडगं. ते डावीकडून आलं. रांगडू मनात म्हणाला, "जा बाबा, जा." पण पाय ऐकतील तर शपथ! पाय आपले आपण डावीकडे गेले. बूड खाली, छाती पुढे. झिपरं आपटलं आणि बसलं.

रांगडूनं डोळे मिटून पाहिले. कानाशी टिटवी ओरडल्याचा भास झाला आणि डोळे खाड्कन उघडले. झिपरं उजवीकडून आलं, पुन्हा बसलं. शेवटी ते रडकुंडीला येऊन म्हणालं, "अरे, एकदा तरी जाऊ दे ना!"

"मला पण तेच हवंय रे," रांगडू कळवळून म्हणाला. "होत नाही!"

सामना जिंकला. मिठारामचा घसा बसायची वेळ आली. "सुंदरराव! सुंदरराव! सुंदरराव!"

मिरवणूक निघाली. सुंदररावानं इकडेतिकडे पाहिलं. "ए, काय नाव तुझं... ए जाड्या! पाठीवर घे मला."

रांगडूनं त्याला पाठीवर घेतलं. हार पडले, फुलं पडली, सगळी वानरावर. मिरवणूक डबक्यापाशी आली तेव्हा रांगडूला टेकाड दिसलं. आई उठली होती. मान खाली घालून घराकडे वळली होती. शेजारी साळू काहीतरी बोलत होती. काय बोलत असेल ते त्याला इथूनही कळलं.

आता पोरांनो, मिरवणुकीत कसं चालायचं हे मुसंडे गुरुजींनी शिकवलंच नव्हतं. इथे पाय मोकळे होते.

रांगडूनं डोळे मिटले. मान खाली घातली. आणि सुसाट सुटला!

डबक्याच्या काठाशी त्यानं खुर रोवले. सुंदरराव, हार आणि शेपटी, तिन्ही वस्तू हवेतून गेल्या आणि चिखलात पडल्या. मधोमध.

मिठाराम किंचाळला. आयुष्यात एवढा तो कधी किंचाळला नव्हता. "रांगडू! रांगडूनं पाडलं! अरे पकडा त्या रांगडूला! रांगडू! रांगडू!"

सगळं रान ओरडायला लागलं. "रांगडू! रांगडू!" टेकाडावर आई थबकली. वळली. तिनं कान टवकारले आणि साळूकडे बघून अशी काही हसली की साळूचे काटे आपोआप खाली बसले.

त्या दिवशी तिनं अख्ख्या टेकाडाला कोवळे बांबू वाटले.

मुसंडे गुरुजींनी डोक्याला पाय लावले. "अजून कच्चा आहे," ते म्हणाले आणि नवी टिटवी शोधायला निघाले.

तात्पर्य : आपलं काम मन लावून, चोख करावं. कुणाच्या लक्षातही येणार नाही. नाव व्हावं असं वाटत असेल तर एखाद्या नामवंताला चारचौघांत चिखलात पाडावं. आणि आईला काय काय झालं ते मुळीच सविस्तर सांगू नये.