केरबा वस्तादांचा तांब्या

"आकारामला अस्मान दावतो! फेटा बांधूनच दारात येतो, मामा!"

अशी आरोळी ठोकून गुंडा पैलवान फलटणहून औंधच्या जत्रेला निघाला. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि कुस्त्यांचा फड पुन्हा रंगणार होता. हरिबामामानं आधीच बजावलं होतं, "फेटा आणलास, तरच आमच्या अंजनाच्या लग्नाचं बोलणं!"

गुंडाच्या आणि आकारामच्या, दोन्ही तालमींचे पैलवान देवळाच्या ओवरीत उतरले. आता गुंडाच्या अंगात ताकद होती, पण चौकसपणा त्याच्या दुप्पट! शेजारच्या चुलीवर काय शिजतंय हे कळल्याशिवाय त्याला घास गिळत नसे. संध्याकाळी त्यानं पाहिलं, तर आकारामचे वस्ताद केरबा पुडीतलं कसलंसं बारीक बी तांब्यात भिजत घालत होते. वर फडकं बांधून ते आकारामच्या कानाशी लागले, "झोपताना समदं पी. पर कुणाला कळू दिऊ नगंस!"

झालं! गुंडाला राहवतंय होय? मंडळी आरतीला गेल्यावर त्यानं हळूच फडकं उचललं. अबब! मूठभर बी फुगून तांब्याच्या गळ्याशी आलं होतं!

"पाण्यात एवढं फुगतंय, तर दंडात किती फुगंल!" असा हिशेब करून त्यानं डोळे मिटले आणि तो बुळबुळीत खुराक घटाघटा संपवला.

सकाळी दंड चाचपला. सूतभरही फुगला नव्हता. पोट तेवढं गुरगुरत होतं. "खुराक आधी पोटातच मुरतो," गुंडानं स्वतःची समजूत घातली.

दुपारी हलगी कडाडली. सलामी झाली. आकारामनं मागून येऊन गुंडाच्या पोटाला मिठी मारली आणि करकचून आवळली!

"सोड रं गड्या!"

"चीत हो, मग सोडतो!"

गुंडाला अंजना आठवली. तिच्यासाठी त्यानं दातओठ खाऊन कळ सोसली. आकारामनं आणखी आवळलं. मग अंजनाही आठवेना! गुंडानं आपण होऊन लोळण घेतली, पाठ मातीला टेकवली, "झालो चीत!" म्हणून बोंब ठोकली, हलगीवाल्याचा तांब्या उचलला आणि जोंधळ्याच्या रानात दिसेनासा झाला!

बऱ्याच वेळानं तो हलका होऊन परतला, तर फेटा बांधलेला आकाराम ओवरीत तोंड पाडून बसलेला.

"आरं, जिंकलास की!"

"कशाचं जिंकणं! तूप-बदाम खाऊन खाऊन आठवडाभर पोट साफ न्हाई. वस्तादांनी इसबगोल भिजवलं हुतं, त्ये बी कुणीतरी पळवलं!"

गुंडानं मान खाली घातली. "मीच पिलो."

आकारामचे डोळे चमकले. "गुण आला?"

"लय!"

"मग ह्यो फेटा तुला. मला तसली पुडी आणून दे. जिंकल्या पैलवानानं बाजारात कुठल्या तोंडानं मागावी?"

सौदा झाला. गुंडा फेटा बांधून, मिशीला पीळ देत मामाच्या दारात हजर झाला. पण जत्रेची माणसं त्याच्या आधीच फलटणला पोचली होती.

अंजना बाहेर आली. तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि हसू दाबत म्हणाली, "ह्यो पाय धुवायला हाय. घाई असंल तर परडं मागल्या अंगाला हाय!"