शिवलकर अण्णांची चौकशी

आमच्या शेजारच्या शिवलकर अण्णांनी रत्नागिरीतल्या एकाही भिकाऱ्याला चौकशीशिवाय जेवू घातलं नाही. आधी नाव, गाव, वाडी, घराणं सांगायचं, मग भात. अण्णा जन्मभर कोर्टात पट्टेवाले होते. ते निवृत्त झाले, पण त्यांचा कोर्टातला पुकारा काही निवृत्त झाला नाही.

"पूर्ण नाव बोल, बापासकट," असं पायरीवरच्या माणसाला दरडावायचे. तो राजापूरकडचा निघाला की अण्णांना चेव चढे. अमक्याचा तू कोण, तमकी तुझी कोण, असं उकरत उकरत एखादी आत्या शोधून काढत आणि त्याला तिच्या गावच्या एसटीत बसवून देत. एकदा एकाचं नातं थेट आमच्या हिच्या माहेराशी जोडलं. तो मग कितीतरी दिवस आमच्याकडेच जेवत होता आणि आमची ही अण्णांशी बोलत नव्हती.

अण्णांचं म्हणणं एकच. "बेघर कोणी नसतो हो. त्याला नीट विचारलेलं नसतं."

मुंबईत गिरण्यांचा संप चालला होता, त्या श्रावणात एक म्हातारी त्यांच्या दारी आली. अंगात ताप, लुगडं चिंब. अण्णांनी भाताचं ताट आणून ठेवलं आणि नाव विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. आणि ताटालाही हात लावीना. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अहो, मरेल ती, चुलीत घाला तुमचं नावगाव.

"नाव कळलं तर घरी पोचवीन हो हिला," अण्णा हळूच म्हणाले. "नाहीतर ही अशीच कुठेतरी रस्त्यावर जाईल."

तेव्हा म्हातारी बोलली. "नाव नको इचारू रे बाबा. नावावरनं तू गाव काढशील, गावावरनं घर. मुंबैला लेक हाय माझा. लोक त्याच्या तोंडात शेण घालतील."

अण्णांनी घरात जाऊन घोंगडी आणली, तिच्या अंगावर घातली आणि पडवीतच राहा म्हणाले. मग कुठे ती जेवू लागली. चार घास पोटात गेले तसा तिला जरा धीर आला. घरात दुसरं माणूस दिसत नाही, तुला कोण आहे रे, असं तिने विचारलं.

अण्णांची बायको, आमच्या वहिनी, गेल्या तेव्हा त्यांच्या मुलाला मुंबईला तार मीच केली होती. तो आला नाही. त्यानंतरही कधी आला नाही. आळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि अण्णांसमोर कोणी ते काढत नसे.

"मुलगा आहे ना, मुंबईला," अण्णा म्हणाले. "दर गणपतीला येतो."

म्हातारीने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"माझा पण येतो," ती म्हणाली.

अण्णांनी मान डोलावली आणि तिला आणखी भात वाढला.