खाप्याची दोरी

आमच्या आवारात लुगडी वाळत घालायची असली, तर बायकांना आधी बाळाजी परात्यांच्या खोलीकडे पाहावं लागे. त्यांची मासे धरायची रेशमी दोरी उन्हात पसरलेली असली की त्या दिवशी लुगड्यांना जागा नसे. कडुनिंबापासून विहिरीच्या खांबापर्यंत, तिथून माझ्या खिडकीच्या गजापर्यंत आणि पुन्हा कडुनिंबाला, अशी चाळीस वार दोरी ते ताणून ठेवत. खाली स्टूल टाकून स्वतः बसत. कावळा बसू नये म्हणून.

"परातेजी, लेकरांचे कपडे ओले आहेत जी," शेजारच्या रंभाबाई बादली घेऊन उभ्या राहत. "माणसाचं आधी का मासोळीचं?"

"कपडा ओला राहिला तं वास मारते, बाई. दोरी ओली राहिली तं सडते. मंग ऐन वक्ताले दगा देते. तुमचं लुगडं कोणाले दगा देऊन राहिलं का?"

यावर रंभाबाई जे बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाळाजी ते शांतपणे ऐकून घेत आणि दोरीवर जवसाच्या तेलाचं फडकं फिरवत राहत.

मध्यप्रांताची राजधानी नागपुरात होती, तेव्हाची ही गोष्ट. मी एका छापखान्यात प्रुफं तपासत असे. लग्न झालेलं होतं, पण बायको अजून अकोल्याला माहेरीच होती. बाळाजी त्याच छापखान्यात दफ्तरी होते, म्हणजे पुस्तकं बांधत. पन्नाशीला आलेला, सडसडीत, डोक्याला काळी टोपी घालणारा माणूस. लग्न केलेलं नव्हतं. जातीने कोष्टी, मूळचे खाप्याचे. घरात पिढ्यान् पिढ्या हातमाग चालत आलेला. पण खाप्याचा विषय काढला की ते म्हणत, "तिकडची हवा मले मानवत नाही," आणि उठून जात.

मासेमारीचा नाद त्यांना छापखान्यातच लागला. तिथला एक गोरा अधिकारी आपली मोडलेली वेताची काठी घेऊन बांधणीखात्यात आला होता. काठी जोडायला सरस तिथे मिळेल, इतकीच त्याची अपेक्षा. बाळाजींनी ती काठी रेशमाच्या धाग्याने अशी बांधून दिली, की साहेबाला मोडलेली जागा सापडेना. विलायतेला जाताना त्याने ती त्यांनाच देऊन टाकली. पुढे सिव्हिल लाइन्समधल्या ज्या ज्या साहेबाची काठी वाकली, दोरी गुंडाळायची चकरी अडली, त्याचा चपराशी आमच्या आवारात येऊ लागला.

बाळाजी सगळ्यांचंच काम घेत नसत. आधी परीक्षा होई. काठी हातात घेऊन एक डोळा मिटून टोकापर्यंत पाहत. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवत; रुतलं तर ठीक, घसरलं तर गळ सरळ विहिरीमागे. एकदा जंगलखात्याचे एक साहेब मडमेसह स्वतःच आले. बाळाजींनी काठी पाहिली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"साहेब, इसको दीवार से टिका के खडा रखा था ना? इसको सुला के रखो. कमर गई इसकी."

साहेबाने कबूल केलं. तेवढ्यावर बाळाजी विरघळले आणि काठीचे पितळी जोड तपासू लागले. एक जोड घट्ट बसत होता. त्यावर त्यांचा ठरलेला उपाय होता: जोड आपल्या नाकाच्या बाजूला चार वेळा घासायचा, की नाकावरच्या तेलकटपणाने तो सरकतो. तो त्यांनी मडमेसमोर केला. मडम दोन पावलं मागे सरली. मग बाळाजींनी मोठ्या अदबीने तो जोड साहेबाच्या नाकाकडे नेला, पुढच्या वेळी आपलं आपण करता यावं म्हणून.

त्यांची खोली म्हणजे नुसती हत्यारं. वेगवेगळ्या जाडीच्या काठ्या छताखाली आडव्या टांगलेल्या. जर्द्याच्या डब्यांत तेलात बुडवलेले गळ. माशाला भुलवायचे चमचे ते स्वतः ठोकून करत, त्यासाठी पितळ हवं असे, आणि त्यांच्या घरी चहा साखर घालून ढवळायला एकही चमचा उरलेला नव्हता. काडीने ढवळत. रंभाबाईंच्या घरून ते उठले की रंभाबाई आपले चमचे मोजत.

मी ब्राह्मणाचा मुलगा, मासळीशी संबंध नाही. पण रविवारी खोलीत एकट्याने करायचं काय? मी त्यांच्याबरोबर अंबाझरीच्या तलावावर जाऊ लागलो. ते गळ टाकत, मी पुस्तक वाचत असे. मासा मिळाला तर वाटेत कोणाला तरी देऊन टाकत. स्वतः फारसे खात नसत. परत आल्यावर मात्र दोन तास चकरी पुसणं, दोरी सोडणं, ताणणं. त्यात माझी मदत चालत नसे. "तुमचा हात जड आहे, जोशीजी. तुम्ही आपल्या काना-मात्रा पाहा."

म्हणून त्या रविवारी जे पाहिलं, त्याने मी चकित झालो.

आम्ही अंबाझरीहून परतलो. मी हातपाय धुऊन त्यांच्याकडे टोपी विसरलो होतो ती आणायला गेलो. बाळाजी पाठमोरे बसले होते. ओली गच्च दोरी ते तशीच चकरीवर गुंडाळत होते. गुंडाळून झाल्यावर तिच्यावर ओलं फडकं लपेटलं, सगळं पत्र्याच्या डब्यात घातलं आणि झाकण घट्ट बसवलं.

"अहो, सडेल ना ती!"

ते दचकले. मग डबा खाटेखाली सारत म्हणाले, "तुमची टोपी तिथं खुटीले आहे."

महिन्याभराने एका शनिवारी त्यांनी तो डबा माझ्यासमोर उघडला. आतून कुबट वास आला. त्यांनी दोरीचं टोक धरून थोडा झटका दिला. ती पट्‌कन तुटली.

"गेली!" बाळाजी म्हणाले. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. "उद्या नवी आणाले जावं लागंल. खाप्याले. चालता का?"

छिंदवाड्याकडे जाणाऱ्या छोट्या गाडीने आम्ही सावनेरला उतरलो आणि तिथून दमणीने खाप्याला. वाटेत बाळाजींनी मला काय ते सांगितलं, तेही बैलांकडे पाहत. वडील वारले तेव्हा घरात दोन माग होते. एकावर थोरला भाऊ गणपत, दुसऱ्यावर यांनी बसायचं. यांना मागाच्या खड्ड्यात पाय सोडून जन्म काढायचा नव्हता. वडिलांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ते कोणाला न सांगता नागपूरला निघून गेले. दुसरा माग विकावा लागला. गणपतरावांनी त्या दिवसापासून भावाशी बोलणं सोडलं.

"किती वर्षं झाली?"

"चौदा."

"आणि दोरी?"

"दोरी त्याच्यासारखी कोणी वळत नाही. काठाचं रेशीम राहते ना, त्याची वळते. एकदा वैनीनं दिली होती. मंग मी संपली की येतो."

"पण तुम्ही तर..." मी म्हणालो आणि थांबलो. त्यांच्या हातची दोरी दहा वर्षांतही संपली नसती.

घर साधं, कौलारू. आत गणपतराव मागाच्या खड्ड्यात बसलेले होते. आम्ही आत आलो तरी त्यांनी मान वर केली नाही, पण धोटा फेकणारा हात थांबला. वहिनींनी पाट दिले. पाणी दिलं. बाळाजींनी सडलेली दोरी त्यांच्यापुढे ठेवली, त्यांनी ती नवऱ्याच्या हातात दिली. गणपतरावांनी बोटांनी चाचपून पाहिली, नाकाशी नेली.

"सांग वं त्याले," ते बायकोला म्हणाले. "एवढं वय झालं, दोरी वाळवाची अक्कल नाही आली अजून. ओलीच गुंडाळते लेकाचा."

मला राहवेना. सबंध नागपुरात दोरी राखावी तर या माणसाने, हे सांगायला मी तोंड उघडलं. बाळाजींनी माझा हात घट्ट दाबला.

"सांगा वैनी, चुकलं म्हणा," ते मान खाली घालून म्हणाले.

"दर खेपेले चुकते."

"दर खेपेले चुकते म्हणा."

वहिनींनी यातलं काहीच कोणाला सांगितलं नाही. दोघं सहा हातांवर बसून एकमेकांचं ऐकत होते, आणि त्या भाजी निवडत होत्या. मग उठून त्यांनी खुंटीवरची नवी दोरी काढली. ती तयारच होती. कोणी पत्र घातलं नव्हतं, निरोप नव्हता, तरी खुंटीवर दोरी होती.

बाळाजी ती अंगठा आणि बोटाच्या मधून सोडत पाहू लागले. मध्येच त्यांचा हात थांबला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला. मी वाकून पाहिलं. पीळ कुठे सैल, कुठे घट्ट, आणि तीन ठिकाणी हरभऱ्याएवढ्या गुठळ्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. वहिनींनी डोळ्यांनीच त्यांना दाराबाहेर बोलावलं. मीही गेलो.

"दिवाळीपासून दिसत नाही त्याईले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माग नुसता चालवून राहिले. लुगडं उतरत नाही. ही दोरी दोन महिने वळली. तुम्हाले सांगू नको म्हणे."

बाळाजी आत आले. कलकत्त्याच्या दुकानातून आलेला गळांचा अख्खा डबा एका बोथट टोकासाठी परत पाठवणारा हा माणूस. आता काय बोलतो, म्हणून मी त्यांच्याकडे पाहत होतो.

"वैनी, त्याईले सांगा," ते म्हणाले, "असा पीळ नागपुरात कोणाले जमणार नाही."

"खरं बोलून राहिला का तो?" गणपतरावांनी बायकोला विचारलं.

"खरंच बोलून राहिले," वहिनी म्हणाल्या.

दुपारी आम्ही कन्हानवर गेलो. बाळाजींनी तीच दोरी चकरीवर भरली आणि तिला आपला सगळ्यात आवडता चमचा बांधला. तीन दिवस ठोकून केलेला. "तुटेल हो," मी म्हणालो. "तुटली तं तुटली," ते म्हणाले.

तासाभरात काठी कमानीसारखी वाकली. मासा एकदा पाण्यावर आला. सोनेरी पाठ आणि तळहाताएवढे खवले मीही पाहिले. महाशीर होता. बाळाजी गुडघाभर पाण्यात उतरले, दोरी देत गेले, ओढत गेले, तोंडाने "ये बाबा, ये" चाललेलं. मग पहिली गुठळी काठीच्या कडीत अडकली. टण्‌ असा आवाज झाला आणि काठी सरळ झाली.

बाळाजींनी उरलेली दोरी हळूहळू गुंडाळली, धोतर पिळलं आणि ते घराकडे चालू लागले.

"वैनी, सांगा त्याईले," दारातूनच ते म्हणाले. आवाज उगाच मोठा होता. "महाशीर लागला होता. आठ शेर तरी असंल. दोरी जशीच्या तशी."

खड्ड्यातून एकदम आवाज आला. "मंग मासा कुठी आहे गा?"

वहिनींच्या हातातलं सूप तसंच राहिलं. गणपतरावांनाही आपण काय केलं ते कळलं असावं, कारण त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि मागाची काठी धरून ठेवली. बाळाजींना वाटभर रचलेली उत्तरं आठवेनात.

"सोडला, दादा," ते शेवटी म्हणाले.

"काहून सोडला?"

"लहान होता."

"आठ शेराचा लहान?"

बाळाजी दारातच खाली बसले आणि हसू लागले. गणपतरावही हसले. मी चपला घालून ओट्यावर जाऊन बसलो. आतलं मला ऐकू येत होतं, पण ते ऐकण्यासारखं नव्हतं. म्हणजे माझ्यासाठी नव्हतं.

त्यानंतर बाळाजी दर शनिवारी छापखान्यातून परस्पर गाडीला जाऊ लागले. काठ्या घरीच राहत. सोमवारी परत येत तेव्हा मी विचारी, "काय बोलता दोघं?" ते म्हणत, "काही नाही गा. कोणाचं लगन जमलं, कोणाचा बैल मेला. दादाले लय बोलाचं राहते."

हे चार महिने चाललं. पावसाळ्यात कन्हानला पूर आला, सावनेरपुढची वाट बंद झाली, आणि त्याच आठवड्यात गणपतराव तापाने गेले. बाळाजी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. वहिनींना त्यांचा भाऊ घेऊन गेला.

त्या सुमारास माझी बायको नागपूरला आली होती. एका रविवारी मी बाळाजींना जेवायला बोलावलं. ते टोपी घालून वेळेवर आले, पानात पडेल ते खाल्लं, "वरण बरं झालं" म्हणाले. मग आम्ही पानसुपारी घेतली. बाहेर दिवे लागायची वेळ झाली.

"येतो मी," बाळाजी म्हणाले.

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "येतो." आणि भिंतीला पाठ टेकून बसूनच राहिले. बायकोने माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं.