पंख्याचं बटण आणि आबाचा दहावा

वायरीच्या कामात आमच्या पंचक्रोशीत माझा हात धरणारा कोणी नाही, हे आधीच सांगून टाकतो! पन्नास विहिरींवरच्या मोटारींचे स्टार्टर मी जोडलेत. तेव्हा मला अक्षर ओळखू येत नव्हतं. तारांचे रंग बघून काम भागायचं. साठीला आल्यावर साक्षरतेच्या वर्गात बसलो आणि वायरच्या बंडलावर काय छापलंय तेही वाचता यायला लागलं. मग काय, देवच अंगात आला! थोडं वाचता येणारा माणूस न वाचता येणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो, हे मला फार उशिरा कळलं.

यंदा भादव्यात बाजरी अशी भरली होती, की कणसं माना टाकायला लागली. त्यावर पाखरांच्या झुंडी. गोफण फिरवून खांदा निखळायची वेळ आली. म्हणून मी ठरवलं, आपल्या जुन्या व्हॅनच्या टपावर भोंगा बसवायचा. गाडी बांधावर उभी करायची, बटण दाबायचं, आणि आपण लिंबाखाली पडायचं!

भोंग्यात भरायला आवाज कुणाचा? गावात सगळ्यात मोठा आवाज आमच्या घरातच होता. मी बायकोला, राहीबाईला, मोबाईलसमोर उभी केली. म्हणालो, "समोर पाखरं हायेत असं समज आन् वरड."

"पाखरं कशाला, तुमी हायेत की समोर!" ती म्हणाली, आणि सुरू झाली, "हुर्रर्र! उठा! उठा तिथनं! फुकटचं गिळाया बसलेत मेले! राबायचं आमी आन् खायाचं तुमी व्हय? चालते व्हा!"

एका दमात झालं. दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही.

आमची सून सायली आयटीआयला वायरमनचा कोर्स केलेली आहे. मी गाडीत वायर ओढत होतो, तेव्हा ती चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, जादा करंट झेलायला मधे रिले टाका. फ्यूज टाका. आणि हे बटण नको, हे घरातल्या पंख्याचं हाय."

"बटण ते बटण! घरात चालतं ते गाडीत का न्हाई चालणार?"

"घरात पंख्याला करंट थोडा लागतो. हितं बारा व्होल्टवर एवढा भोंगा म्हणजे लई करंट ओढणार. बटण आतून चिकटंल."

"पोरी, मी तुज्या जन्माआधीपासून मोटारी चालू करतोय!"

"व्हय, पण बंद कुठं करताय? त्या लाइट गेल्यावर आपोआप बंद व्हतात."

मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. शेतात आपली पद्धत एकच, खांबावर आकडा टाकायचा आणि सरळ लाइन घ्यायची. तीच मी गाडीत वापरली. पुढच्या सीटखाली बॅटरी, तिच्यावरून सरळ वायर. किल्लीचा काही संबंध नाही! राहीबाईचा आवाज भरलेलं मशीनही तिथंच सीटखाली दडवलं. वर भोंग्याला वायर जोडून त्यावर एमसील थापलं, म्हणजे चोराच्या बापालाही निघू नये.

पहिल्याच दिवशी पाखरं तर उडालीच, शेजारच्या रानात खुरपणाऱ्या बायाही खुरपी टाकून घरी गेल्या. मी खूश!

त्याच आठवड्यात आमचा चुलत भाऊ आबासाहेब वारला. ऐंशीला टेकलेला, मोठ्या मनाचा माणूस. दहाव्याला प्रवरेच्या घाटावर शंभर माणूस जमणार होतं. आबाची थोरली बहीण बनाक्का गुडघ्यांनी अधू. तिला व्हॅनमधून न्यायची कामगिरी माझ्याकडे आली.

सायली म्हणाली, "मामा, भोंगा काढून ठेवा."

"एमसील लावलंय. आन् बटण बंद हाय की!"

घाटाच्या पायऱ्या आक्काला उतरवणार नव्हत्या. म्हणून मी गाडी वरच, पण तोंड नदीकडे करून लावली. आक्काला बसल्या जागी पिंड दिसावा! आक्का म्हणाली, "आसाराम, कावळा शिवल्याबिगर मी ह्या सीटवरून हलणार न्हाई. माज्या आबाची इच्छा पुरी झाल्याचं मला डोळ्यांनी बघू दे."

खाली प्रवचन संपलं. न्हाव्याचं काम आटोपलं. पिंड मांडला. आबाच्या बायकोनं, सत्यशीला वहिनींनी, सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. कावळा शिवल्यावरच घेणार होत्या. शंभर माणूस श्वास रोखून उभं. जांभळीवर दहा-बारा कावळे. त्यातला एक खाली उतरला, मान तिरकी केली, टुण्णकन एक उडी, दुसरी उडी... पिंड हातभर राहिला.

नेमकं तेव्हाच बनाक्काला उकडलं. समोर बघते तर बटण, त्यावर पंख्याचं चित्र! तिनं दाबलं.

"हुर्रर्र! उठा! उठा तिथनं! फुकटचं गिळाया बसलेत मेले!"

कावळे असे उडाले, की नदीपलीकडे जाऊनच थांबले. माणसांचे चेहरे बघण्यासारखे झाले. दहाव्याच्या जेवणाला थांबलेले श्रीरामपूरचे पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले.

"राबायचं आमी आन् खायाचं तुमी व्हय? चालते व्हा!"

"चला रं," त्यांतला एक पागोटं सावरत म्हणाला, "एवढं ऐकून घास उतरायचा न्हाई!"

सगळे राहीबाईकडे वळले. ती बिचारी वहिनींच्या शेजारीच तोंड मिटून उभी! मिटलेल्या तोंडातून एवढा आवाज येतोय म्हटल्यावर दोन बाया तिच्यापासून लांब सरकल्या.

मी पायऱ्या चढत गाडीकडे धावलो. बटण दाबलं, बंद होईना. पुन्हा दाबलं, उपटलं, तर बटणाचं वरचं टोपण माझ्या हातात आणि आवाज तसाच! किल्ली काढली. किल्लीचा संबंधच नव्हता. राहिली बॅटरी, ती आक्काच्या सीटखाली.

"आक्का, ऊठ जरा!"

"उठा! उठा तिथनं!" वरून भोंगा.

आक्काचे डोळे भरले. "भाऊ गेला तशी मी जड झाले व्हय तुमाला? तू बी ऊठ म्हनतोस, ती राहीबाई बी वरून ऊठ म्हनती! आता तर मुळीच उठत न्हाई!" आणि दोन्ही हातांनी तिनं सीट अशी पकडली, की सीटसकटच उचलावी लागली असती.

शेवटी सायली धावत आली. येताना तिनं न्हाव्याच्या पेटीतली कात्री उचलली होती. टपावर चढली आणि एमसीलच्या खालची वायर कच्चकन कापली.

शांतता झाली. पण कावळा नव्हता!

अर्धा तास गेला. पलीकडून दोन-चार परत आले, जांभळीवर बसले, खाली उतरेनात. मग शब्द द्यायला सुरुवात झाली. थोरला मुलगा म्हणाला, "आबा, बैलजोडी इकणार न्हाई." कावळा हलला नाही. धाकटा म्हणाला, "नातीला पुढं शिकवू." नाही. शेजारी म्हणाला, "बांधाचं भांडण मिटवलं, आबा." कावळ्यानं चोच पंखात खुपसली. वहिनी मात्र पिंडाकडे बघत नुसत्या बसल्या होत्या. ओठ सुकलेले, पदर घट्ट धरलेला. मला त्या नजरेसमोर उभं राहवेना.

मी पिंडासमोर गेलो, चपला काढल्या, हात जोडले. "आबा, चूक माजी हाय. वहिनीला तहान लागलीय रं. आता येवढं ऐक. हितनं पुढं मी वायरीला हात लावणार न्हाई. कुणाच्याच!"

बोलून मी दोन पावलं मागं सरकलो नाही, तोच कावळा सरळ येऊन पिंडाला शिवला! एक नाही, मागोमाग तीन!

घाटावर एकच गलका झाला. "बघा, आबाची हीच इच्छा अडकली व्हती!" वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. दहा दिवसांत पहिल्यांदा. मग ओंजळीनं पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "भावजी, आमच्या इहिरीवरच्या स्टार्टरचा झटका ह्यांना तीनदा बसला व्हता. पर तुमचं मन मोडू न्हाई म्हनून बोलले न्हाईत."

श्रीरामपूरचे पाहुणेही परत फिरले आणि पोटभर जेवले.

परवा घरातला बल्ब गेला. आसपास कोणी नाही असं बघून मी स्टुलावर चढलो. एवढ्यात दारातून राहीबाई हळूच म्हणाली, "उतरा खाली. पत्र्यावर कावळा बसलाय."

उतरलो!