टेकडीवरील शेवटल्या नळाची मोहीम

समस्त पिंप-बादली-घमेलेंधारक, कोरड्या नळाचे मानकरी, आशेवर जगणारे ग्रां फोंतेनकर रयतेचे सेवेसी बखरकाराचा अर्ज ऐसा जे: या कसब्यांत पाण्याकरितां थोर मोहीम झाली, तिचें वर्तमान यथास्थित लिहून ठेवणें जरूर, नाहींतर पुढील पिढी म्हणेल कीं आमचे वडील मुकाट्यानें तहानेले राहिले. मुकाट्यानें राहिले नाहींत. बोंब मारीत तहानेले राहिले. हा भेद इतिहासीं नमूद असावा, म्हणून लेखणी हातीं धरिली.

कसबा ग्रां फोंतेन कॅरिबियन समुद्राचे कांठीं. पूर्वीं फ्रेंच आले, त्यांणीं टेकडीपायथ्याशीं खळाळतें पाणी पाहून गांवास 'थोर झरा' ऐसें आपले भाषेंत नांव दिलें, आणि मग इंग्रज आले, त्यांणीं झरा नळांत कोंडिला, आणि मग स्वराज्य आलें, त्यानें नळावर खातें नेमिलें, आणि तेव्हांपासून पाणी फारसें कोणाचे दृष्टीस पडलें नाहीं. खात्यास कचेरी, कचेरीस थंड हवेचें यंत्र, आणि त्या यंत्रांतून जें पाणी ठिबके तें शिपाई बादलींत धरून घरीं नेई. कसब्यांत नेमानें पाणी देणारी खात्याची मालमत्ता ती एवढीच. वीजखातें याचें सख्खें भावंड. पाण्याची पाळी आली कीं वीज जावी आणि पंप थंडावावा, आणि वीज आली कीं पाण्याची पाळी टळलेली असावी, ऐसी दोघांची एकी. एवढी एकी सरदारांत असती तर कैक राज्यें वांचलीं असतीं.

आतां येथील एक रिवाज सांगणें प्राप्त, त्यावांचून पुढील युद्ध समजावयाचें नाहीं. या कसब्यांत नळ कोणी बंद करीत नाहीं. पाणी केव्हां येईल याचा भरंवसा नाहीं, सबब घरोघर नळ पुरता सोडलेला, खालीं थोर घमेलें, आणि घमेल्यांत इनॅमलची बशी पालथी. पाण्यानें बशी वाजवावी आणि मग घरधन्यानें झोंप, जेवण, भांडण, जें हातीं असेल तें टाकून धांवावें. घरीं कोणी नसल्यास बशी रिकाम्या भिंतींस वाजून दाखवी, आणि घमेलें भरे, आणि ओसंडे, आणि पाणी गटाराचे वाटेनें समुद्रास जाऊन मिळे. खालचीं घरें ऐसीं वाहतीं असतां टेकडीवर थेंब चढणें शक्य नाहीं. हें कोणास ठाऊक नव्हतें म्हणावें, तर अवघ्यांस ठाऊक होतें. परंतु नळ बंद करा म्हटलें कीं जो तो म्हणे, "आधी त्याला सांगा." हेंच कसब्याचें ब्रीद, निशाणावर लिहून मिरवावें ऐशा योग्यतेचें.

टेकडीचे माथ्यावर शेवटलें घर, तें अखंडतृषालंकृत मातुश्री मा क्लोटिल्डा यांचें. त्यांचे यजमान मरहूम सिप्रियन हे जातिवंत दर्यावर्दी. होडी घेऊन जॅक मासळीवर जात, आणि मासळी सांपडली कीं किनाऱ्यावरून शंख फुंकीत, आणि मग गांव आपापलें घमेलें घेऊन धांवे, कारण किनाऱ्यावर मासळी मिळे ती ज्याचे त्याचे घमेल्यांत, आणि मागून येणाऱ्यास खवले. परंतु सिप्रियन यांचें खरें युद्ध जमिनीवरील. वय झालें, होडी विकली, आणि मग रोज काठी टेकीत टेकडी उतरून दारोदार सांगत कीं नळ बंद ठेवा, म्हणजे पाणी चढेल, म्हणजे सर्वांस मिळेल. लोक हंसत. पोरें त्यांस 'नळोबा' म्हणत. ते आजारीं पडले तेव्हां बाईंनीं पेला ओठांस लाविला, तर एक घोट घेऊन म्हणाले, "हे टँकरचं. डिझेलचा वास येतो. आपल्या नळाचं नाही ना आलं?" आणि दुसरे दिवशीं गेले. तो कांटा बाईंचे काळजांत रुतून राहिला. त्यांणीं शपथ वाहिली कीं येत्या सर्व संतांचे सणास, मेलेल्यांकरितां खिडकींत पेला ठेवितात तो, आपले घरचे नळाचा ठेवीन, एरवीं पेलाच ठेवणार नाहीं, मग गांव कांहीं म्हणो.

सण जवळ आला आणि निवडणूकही जवळ आली. तेव्हां सकलवाहिनीअधिपती, फीतकर्तनधुरंधर, वचनदानशूर पाणीमंत्री एथलबर्ट प्रॉस्पर यांणीं मसलत केली कीं नवा पंप बसवून टेकडीमाथ्यावर पाणी चढवावें, तेथें पितळी नळ उभा करून खाशांचे हस्तें सोडावा, आणि हें सर्व सणाचेच दिवशीं करावें, कारण त्या दिवशीं लोक रिकामे सांपडतात. हुकूम सुटला कीं आबालवृद्ध रयतेनें माथ्यावर हजर व्हावें, पोलादी पिंपें बडवून सूर काढणाऱ्या वाजंत्र्यांचा ताफा वाजेल, उपरांत कोंबडी आणि भात. कोंबडीचें नांव निघतां कसब्यांत एक माणूस घरीं राहिला नाहीं. नळ मात्र उघडेच राहिले, घमेलीं खालीं, बशा पालथ्या. पितळी नळ उभा राहिला तो मा क्लोटिल्डा यांचे कुंपणास लागून. त्यांस खिडकींतून हात लांबविला तर फीत लागावी.

सूर्य डोक्यावर आला. खाशांची स्वारी काळ्या मोटारींतून आली, पादरीसाहेबांणीं नळास आशीर्वाद दिला, ताफा वाजला. इतक्यांत रिवाजाप्रमाणें वीज गेली. खात्याचें एकच जनित्र, तें पंपास जोडिलेलें, सबब पंप चालता राहिला आणि भाषणाचा कर्णा बंद पडला. मग मंत्र्यांणीं घसा फोडून प्रगतीचे गुण गाइले, ते पहिले रांगेपलीकडे पोंचले नाहींत आणि पहिले रांगेसही नको होते. मग फीत कापिली, चावी फिरविली. नळानें फुस्स केलें. मग कांहींच केलें नाहीं.

खात्याचा अभियंता केर्विन, तरुण, घामानें डबडबलेला, तो मंत्र्यांचे कानाशीं लागला.

"साहेब, पंप चालू आहे. पाणी निघालंय. पण खाली सगळ्यांचे नळ उघडे आहेत, ते वर चढायचं नाही."

"मग बंद करायला लावा."

"कोणाला, साहेब? सगळे इथंच उभे आहेत."

"यांनाच पाठवा खाली."

"पाठवतो. पण मग टाळ्या कोण वाजवणार?"

मंत्री विचारांत पडले. राज्यकारभाराचा हा गहन पेंच. पाणी हवें तर लोक जातात, आणि लोक हवे तर पाणी येत नाहीं. मंत्र्यांणीं लोक राखिले आणि भाषण पुन्हां पहिल्यापासून आरंभिलें.

हें बोलणें खिडकींत मा क्लोटिल्डा यांणीं ऐकिलें, आणि त्यांचे अंगीं आग झाली. पाणी निघालें आहे. टेकडीखालीं रिकाम्या घरांत बशा वाजत आहेत. सिप्रियन मरेपर्यंत जें सांगत गेले तेंच आज मंत्र्याचे कानांत सांगितलें जातें, आणि तरी कोणी हालत नाहीं. त्या पेला हातीं घेऊनच बाहेर आल्या आणि पायथ्याची ऑगस्टीन, जिचे नळास गांवांत सर्वांआधीं पाणी येई, तिजला कोंपरानें ढोसून म्हणाल्या, "ऑगस्टीन, जा ना गं. तुझा नळ बंद करून ये. पाणी आलंय."

"आलंय? मग बंद कशाला करू? भरू दे की."

"केव्हाच भरलं असेल. आता जमिनीवर वाहत असेल."

"आणि मी बंद केला नि हिल्टनने नाही केला, तर? त्याच्या दारूच्या दुकानात धबधबा, नि मी कोरडी. आधी त्याला सांग."

हिल्टन दोन माणसें पलीकडे उभा. तो म्हणाला, "मी करतो की. आधी ऑगस्टीनला सांगा."

"एक पेला हवाय मला," मा क्लोटिल्डा म्हणाल्या. "सिप्रियनसाठी. फक्त एक."

"अगं, टँकरचा ठेव," ऑगस्टीन म्हणाली. "त्याला आता काय कळतंय?"

या शब्दानें तह मोडला. मा क्लोटिल्डा वळल्या. घरांत गेल्या. खिडकीचे फळीवर मरहूमांचा शंख होता, धूळ खात पडलेला. तो त्यांणीं पदर नसल्यानें झग्याचे घोळानें पुसला. बाहेर पादरीसाहेब उभे, सण संतांचा, आणि मासळी आलेली नसतां शंख फुंकणें म्हणजे निखालस लबाडी. समुद्रावर होडीचा मागमूस नव्हता. बाईंनीं छातीवर क्रूस काढिला आणि मनांत सिप्रियन यांस म्हटलें कीं हें पाप तुझ्या खातीं घाल, तुला पाणी हवें आहे. आणि मग मागील दारीं समुद्राकडे तोंड करून उभें राहून, गाल फुगवून, ऐसा शंख फुंकिला कीं मंत्र्यांचे तोंडचें 'विकास' हा शब्द अर्धाच राहिला.

पुढें जी धुमश्चक्री उडाली ती काय वर्णावी. कोंबडी शिजलीच नव्हती, कारण आचारी पितळी नळाचे पाण्याची वाट पाहत बसले होते. उन्हानें डोकीं तापलेलीं, भाषण दुसऱ्या फेरींत, आणि वर जॅक मासळीची वर्दी. "जॅक आले!" ऐसा पुकारा झाला आणि फौज फुटली. ताफेवाल्यांणीं पिंपें टाकिलीं, बायकांणीं चपला हातीं घेतल्या, हिल्टनानें ऑगस्टीनीस आणि ऑगस्टीनीनें पादरीसाहेबांस मागें सारिलें, आणि अवघी रयत टेकडी उतरून आपापले घरीं घमेलें आणावयास धांवली. मंत्री एथलबर्ट प्रॉस्पर यांस जॅक फार प्रिय. त्यांणीं मोटार किनाऱ्याकडे वळविण्याचा हुकूम केला आणि विकास माथ्यावर तसाच सोडून रवाना झाले. शहाणे म्हणतील कीं हा पळ. बखरकार त्यास चाल म्हणतो, कारण मंत्र्यांचे मर्जीस सांभाळून लिहावें लागतें.

घरोघर पाहतात तों घमेलीं नळाखालीं तुडुंब, पाणी उंबऱ्याबाहेर, बशा तरंगत. ऑगस्टीनीची गादी भिजून खाटेखालीं धार लागलेली. हिल्टनाचे दुकानांत दारूशेजारीं विकावयास ठेविलेलीं पिठाचीं पोतीं फुगलेलीं. तेव्हां शिव्या देत, पाय घसरत, प्रत्येकानें घमेलें ओढून काढिलें आणि गादी वांचविण्याकरितां, शेजाऱ्याकरितां नव्हे, आपला नळ बंद केला. जें सिप्रियन यांचे विनवण्यांणीं झालें नाहीं तें ओल्या गादीनें झालें. कसब्याचे इतिहासांत सर्व नळ एके वेळीं बंद होण्याचा हा पहिला प्रसंग.

माथ्यावर दोघेंच राहिलीं, केर्विन आणि मा क्लोटिल्डा. पितळी नळ घरघरला, खोकला, आणि मग ऐसा फुटला कीं फीत वाहून गेली.

"आलं, मा! आलं!" केर्विन भिजून उभा.

"हा बंद कर आधी. माझा नळ याच्या पुढं आहे."

"नाही हो करता येत. उद्घाटन अर्धं राहिलंय. साहेबांशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम आहे."

"मग डोळे मीट."

केर्विननें आज्ञाधारकपणें डोळे मिटिले. मा क्लोटिल्डा यांणीं सरकारी नळ आंवळला आणि घरांत धांवल्या.

मोरीवरील नळ आधीं कण्हला. मग गंज पडला, मग लाल पाणी, मग मातकट. बादल्या मांडलेल्या होत्या, पिंप मोकळें होतें, सणानिमित्त कबर धुण्याची घागर दाराशीं होती. बाईंनीं त्यांकडे पाहिलें नाहीं. धार नितळ झाली तसा पेला धरिला. पेला भरत आला, कांठास बोटभर राहिला, आणि धार बारीक झाली, आणि थेंब झाली, आणि थांबली.

कारण किनाऱ्यावर होडी नव्हती. एक काळी मोटार होती, आणि तींत मंत्री. लोक रिकामें घमेलें घेऊन घरीं आले, गादी वाळत घातली, घमेलें पूर्वीचे जागीं ठेविलें, बशी पालथी केली, आणि नळ पुरता सोडिला.

मा क्लोटिल्डा यांणीं पेल्याचा कांठ पुसला. मग पेला दोहों हातीं धरून खिडकींत नेला, शंखाशेजारीं ठेविला, आणि मेणबत्ती लाविली. "घे," त्या म्हणाल्या. "टँकरचं नाही. एक बोट कमी आहे, त्याला मी काय करू. ऑगस्टीनला विचार." आणि मग त्या रडल्या, यजमान गेले तेव्हां रडल्या नव्हत्या इतक्या.

येणेंप्रमाणें ग्रां फोंतेनची मोहीम फत्ते झाली. जखमी: गाद्या फार, पादरीसाहेबांचा गुडघा एक. हस्तगत: पाणी, पेला एक, बोटभर उणा. खात्यानें मंत्र्यांचे नांवें विजय जाहीर करून पितळी नळास साखळी आणि कुलूप घातलें, आणि किल्ली कोणापाशीं याची चौकशी अद्याप चालू आहे. त्या दिवसापासून मा क्लोटिल्डा आपला नळ नेहमीं बंद ठेवितात, सिप्रियन सांगत तसा. अवघ्या कसब्यांत बंद असलेला घरचा नळ तो एकच, आणि तो माथ्यावर, जेथें बंद ठेविल्यानें कोणासही थेंबभर पाणी जास्त मिळत नाहीं.