सामाईक तारेवरील अल्माबाईंची हकीकत

श्री. तारेतून बोलणाऱ्या वाग्देवीस नमन करोन लिहिले ऐसे जे: शके अठराशे बावीस, शार्वरी नाम संवत्सरी, सातासमुद्रापलीकडे राजाविना चालणारे एक राज्य, तेथील मक्याच्या मुलुखात अल्माबाईंचा जन्म जाहला. बाई वयात आल्या आणि राज्य पहिल्या महायुद्धात उतरले, त्यात बाईंचा बंधू पडला. मग पेढ्या बुडाल्या, मग धुळीची वादळे उठोन शेते उडाली, आणि त्याच धुळीने छाती भरोन यजमान निवर्तले. राहिला पुत्र एक, व्हर्नन. त्या मुलुखी आठ घरांत टेलिफोनची तार एकच. घंटेचे ठोके घरागणिक निराळे; ज्याच्या नावचे ठोके वाजतील त्यानेच रिसीवर उचलावा ऐसा दंडक, परंतु उचलीत सर्वच, आणि चोरोन ऐकण्यात अल्माबाई अग्रगण्य. शेजारीण ओपलबाई, तिचा नवरा घर टाकोन गेला, ते बाईंनी तारेवरच ऐकिले आणि मुलुखभर केले. तेव्हापासोन उभयतांत अबोला.

मग शके अठराशे सहासष्टी दुसरे महायुद्ध ऐन भरात आले आणि व्हर्नन आघाडीवर बेपत्ता ऐसी खबर आली. चाळीस दिवस बाईंस अन्न गोड लागले नाही. एके दुपारी बाईंचे ठोके वाजले. दूरच्या तारठाण्यातोन तारमास्तर बोलिले, "बाई, मुलाबद्दल तार आलीय, ऐका," आणि खट्, खट्, साती घरी रिसीवर उचलिले गेले. ऐकणारे वाढले की तारेतले बळ घटे. शेजाऱ्यांचे बोल तेवढे पोहोचत, ठाण्यातील बोलण्याची बाईंस नुसती खरखर. बाई ओरडल्या, "ठेवा हो खाली! पाया पडते!" परंतु ज्यास त्यास वाटे, दुसऱ्याने ठेवावा. मास्तरांनी मजकूर दोनदा वाचिला आणि ते तार सोडोन गेले. ओपलबाईंचे घर आठांत ठाण्यास सर्वांत जवळ, तिला लख्ख ऐकू येई, हे सर्वांस ठाऊक. बाई म्हणाल्या, "ओपल, तुझी अब्रू मीच चव्हाट्यावर मांडली. सगळे ऐकताहेत, ऐकू देत. तू ऐकलंस ना? सांग गं." मग ओपलबाई हळूच बोलली, "अल्मा, इथं नको. रिसीवर ठेव. मी येते." आणि साती घरचे रिसीवर मुकाट खाली गेले. ओपलबाई मैलभर पायी आली, दारी उभी राहिली, आणि बाईंनी काही विचारिले नाही.

येणेप्रमाणे राज्याने युद्ध जिंकिले, व्हर्नन मात्र परतला नाही, पुढे चंद्रावर मनुष्यही उतरविला. बाई शके अठराशे चौऱ्याण्णवी निवर्तल्या. दारात दोघी काय बोलल्या ते बाकीच्या सहा घरांत आजवर कोणास कळले नाही, सबब येथेही लिहिले नाही.